पडीक जमिनीची जोखीम

माझ्या एका आतेभावाने दोन मित्रांसह अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, तो राहतो त्या गावापासून दोनएक तासांच्या वाटेवर, काही वर्षांपूर्वी सहा एकर रान विकत घेतले. रान म्हणजे अक्षरशः रानच; त्यात घर नाही, कुंपण नाही, पीक तर नाहीच; ओक आणि मेपल या झाडांची दाटी, मधून वाहणारा एक ओहळ आणि कोण्या पूर्वीच्या मालकाने दगड काढून तसाच टाकलेला एक खोल खड्डा, एवढीच त्या मालमत्तेची यादी. गेल्या दिवाळीत तो घरी आला असता त्याने कागदपत्रांच्या बाडातून या रानाचे विमापत्र काढून दाखविले, तेव्हा आमचे वृद्ध शेजारी, ज्यांची सारी हयात तलाठ्याच्या दप्तरात गेली आणि ज्यांना आमची आळी अण्णा म्हणून ओळखते, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "अरे, पिकाचा विमा ऐकलाय, बैलाचा ऐकलाय, पण नुसत्या मातीचा विमा? माती काय चोर उचलून नेणार आहे?"

"अण्णा, विमा मातीचा नाही," आतेभाऊ म्हणाला. "कुणी परका त्या खड्ड्यात पडला, पाय मोडून घेतला आणि आम्हां तिघांवर त्याने दावा लावला, तर त्याचा आहे."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या रानात न विचारता शिरायचं त्यानं, पडायचं त्यानं, आणि पैसे मोजायचे तुम्ही?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला त्या दिवशी जमले नाही, आणि पुढे थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले की ते न जमण्यात फारशी लाज वाटून घेण्याचे कारण नव्हते. कारण ज्या कायद्याच्या पोटी हा विमा जन्मास आला, त्या इंग्रजी कायद्यालाच या प्रश्नाचा निकाल लावण्यास दीड शतक लागले, आणि त्यातील बराच काळ तो कायदा अण्णांच्याच बाजूचा होता.

विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि धंदा आला तो समुद्रावरून. पश्चिम किनाऱ्यावरील सराफांची जोखमी हुंडी पुष्कळांनी ऐकली असेल: माल घेऊन निघालेले गलबत बंदरास सुखरूप लागले तर हुंडीचे पैसे चुकते व्हावयाचे, गलबत बुडाले तर हुंडीही त्याच्याबरोबर बुडावयाची. युरोपातही विम्याचे मूळ असेच दर्यावर्दी व्यापारात आहे; १६६६ साली लंडन शहर जळाल्यानंतर त्याने किनाऱ्यावर पाय ठेवला आणि घरांच्या आगीची जोखीम पत्करली, पुढे माणसाच्या आयुष्याचीही पत्करली. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती, ती अशी की ज्या वस्तूचा विमा उतरावयाचा, ती नष्ट होण्यासारखी असली पाहिजे. जमीन बुडत नाही, जळत नाही आणि मरत नाही. म्हणून विमेवाल्यांच्या वहीत उघड्या जमिनीसाठी पान असण्याचे काही कारण नव्हते. मनुष्य आपल्या मालाचा विमा उतरावा तसा आपल्या चुकीचाही विमा उतरू शकेल, ही कल्पनाच मुळात फार अलीकडची.

मात्र उघड्या जमिनीबद्दल कोणीतरी जाब द्यावा, ही कल्पना अलीकडची नव्हे, आणि तिचा एक मासला खुद्द आपल्या देशावर सापडतो. मराठेशाहीतील गाव म्हणजे नुसती पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, नव्हे. लागवडीची काळी, गायरान, माळ, ओढ्याकाठची झुडुपे आणि मुरमाड पडीत हे सारे मिळून जे शिवार होई, त्याच्या शिवेपर्यंत गाव पसरलेले असे, आणि त्या शिवेच्या आत वाटसरूची लूट झाली किंवा चोरी झाली तर तिचा जाब गावाला द्यावा लागे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर १८१९ साली जो प्रसिद्ध अहवाल कलकत्त्यास पाठविला, त्यात या रिवाजाचे वर्णन आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने, तो कोठे रामोशी असे तर कोठे भिल्ल, चोराचा माग काढावयाचा. माग शिवेपलीकडे गेला तर तो शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा आणि त्याने पुढे चालवावयाचा. आणि असे करता करता ज्या गावाच्या हद्दीत माग विझेल, त्या गावाने माल तरी हजर करावा, नाही तर भरपाई तरी करावी. शीव नेमकी कोठून जाते याविषयी तंटा उपस्थित झाला तर महाराची साक्ष वजनदार मानीत, कारण शिवेचा प्रत्येक दगड त्याच्या पायाखालचा असे. संपूर्ण भरपाई दर वेळी वसूल होई असे नाही. गावाची ऐपत आणि जागल्याचा हलगर्जीपणा पाहून सरकार कमीजास्त करी. तरी तत्त्व स्पष्ट होते: ज्या मातीवर एक दाणाही पिकत नाही, त्या मातीवर काय घडले याचा जाब देणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

या व्यवस्थेला विमा म्हणावे काय? जागल्याला खळ्यावर धान्य मिळे, कोठे इनामाचा तुकडा असे, आणि त्याबद्दल नुकसानीची जोखीम त्याच्या शिरावर असे. हप्ता आणि जोखीम हे विम्याचे दोन्ही पाय येथे दिसतात. इंग्रजी अमलातही पुण्याच्या छावणीतले साहेबलोक बंगल्याच्या राखणीला रामोशीच ठेवीत, आणि ज्याने रामोशी ठेवला नाही त्याच्या घरी चोरी होण्याचा संभव अधिक असे, ही गोष्ट कोणी फारशी लपवीत नसे. हप्ता न भरल्यास काय घडते हे ग्राहकास इतक्या तत्परतेने पटवून देणारी विमा कंपनी आजही विरळाच! असो. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की आपल्या गावगाड्यात जमिनीची जबाबदारी एकट्यादुकट्या मालकाची नसून गावाची होती, आणि चोरट्याच्या किंवा विनापरवाना शिरलेल्याच्या हितासाठी ती खचितच नव्हती. चोराचा पाय शिवारातल्या खड्ड्यात मोडला असता तर पाटलाने त्याची विचारपूस केली असती, पण ती वेगळ्या कारणासाठी.

इंग्लंडातील चित्र नेमके उलट होते. तेथे अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक राने व कुरणे कुंपणाआड गेली, आणि ज्या रानातून गरीब मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा, ससे आणि कवचीची फळे आणीत होता, त्याच रानात तो एका रात्रीत चोर ठरला. अशा चोरांच्या बंदोबस्तासाठी जमीनदारांनी एक यंत्र योजले होते. जमिनीलगत एक आखूड बंदूक खुंटीवर बसवावयाची, तिच्या चापाला बारीक तारा बांधून त्या गवतातून चहूकडे पसरावयाच्या आणि निघून जावयाचे. ज्याचा पाय तारेला अडखळेल त्याच्याकडे बंदुकीची नळी आपोआप वळे आणि बार उडे. मालक त्या वेळी पंगतीत असो की देवळात, त्याची जमीन स्वतःच स्वतःचा सूड उगवून घेई. तार मनुष्य ओळखत नाही. सशामागे आलेला चोर, वाट चुकलेला वैद्य आणि फुले वेचणारे पोर यांत तिला भेद नव्हता.

१८२० साली एसेक्स परगण्यातील अशाच एका रानात कवचीची फळे वेचावयास गेलेल्या मनुष्यास गोळी लागली आणि त्याने फिर्याद केली. झाडांवर सूचनेच्या पाट्या होत्या आणि त्याला बंदुकांची माहिती होती, एवढ्यावरून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला; ज्याने जाणूनबुजून संकट ओढवून घेतले त्याला तक्रारीची जागा नाही, हे सूत्र. त्या वेळी सिडनी स्मिथ या विनोदी धर्मोपदेशकाने 'एडिंबरो रिव्ह्यू'त या बंदुकांवर आणि त्यांची पाठराखण करणाऱ्या न्यायाधीशांवर जी धार धरली, ती वाचताना आजही मौज वाटते. पण कायद्याला वळण लागले ते दुसऱ्याच एका प्रकरणाने, आणि त्याच्या मुळाशी होती ट्युलिपची फुले व एक मोर जातीचा पाळीव पक्षी.

ब्रिस्टल शहराजवळ एका गृहस्थाची भिंतीने वेढलेली बाग होती. तो राहत असे तेथून ती मैलभर दूर होती आणि तीत त्याने मोठ्या किमतीचे ट्युलिप लावले होते. काही फुले चोरीस गेली, तेव्हा त्याने बागेत बंदूक मांडली आणि सूचनेची पाटी मुद्दाम लावली नाही; पाटी वाचून चोर परत फिरला तर सापडावयाचा कसा, असा त्याचा हिशेब. १८२५ च्या मार्चमधील एका संध्याकाळी, अजून उजेड असताना, शेजारच्या घरचा पक्षी उडून त्या बागेत गेला आणि घरातल्या मोलकरणीची त्रेधा पाहून एकोणीस वर्षांचा एक तरुण भिंतीवर चढला. त्याने दोन-तीन वेळा हाका मारल्या. आत कोणी आहे का म्हणून विचारले. उत्तर आले नाही, तेव्हा त्याने आत उडी घेतली. पक्षी बागेतल्या लहानशा घराजवळ दडला होता. त्याच्यामागे जाताना तरुणाचा पाय तारेला लागला आणि गुडघ्याच्या वर गोळी घुसली. १८२८ साली या दाव्याचा निकाल मुख्य न्यायमूर्ती बेस्ट यांच्यापुढे झाला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या फळे वेचणाऱ्याच्या दाव्यात जे न्यायाधीश बसले होते, त्यांपैकीच हे एक. या खेपेस मात्र त्यांनी भरपाई मिळवून दिली, कारण सूचना न देता बंदूक मांडणे म्हणजे रक्षण नव्हे, तो दबा धरून केलेला घात होय. तत्पूर्वीच, १८२७ मध्ये, पार्लमेंटने रात्रीच्या वेळी राहत्या घरातील राखणीचा अपवाद ठेवून अशा बंदुकांना कायद्याने बंदी केली होती.

येथवर कायद्याची मजल गेली ती एवढीच, की विनापरवाना आलेल्याला जाणूनबुजून इजा करू नये. जमीन मात्र जशी असेल तशी ठेवण्याची मालकाला पूर्ण मुभा होती. विहीर उघडी असो, कडा ढासळलेला असो, न बोलावता येणाऱ्याने स्वतःचे डोळे वापरावेत. हा विचार निर्दय होता असे मला वाटत नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो आजही पुष्कळांना रास्त वाटेल. तो डळमळला तो ज्याला कुंपणाचा अर्थ कळत नाही आणि पाटी वाचता येत नाही अशा आगंतुकामुळे, म्हणजे मुलामुळे.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्लेअर नावाचे गाव आहे. १८६९ साली ते नुकतेच वसत होते. शंभर-दीडशे वस्ती, चार घरे, आणि गावाबाहेर उघड्या माळावर रेल्वे कंपनीचे टर्नटेबल. हे यंत्र ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की इंजिनाचे तोंड उलट दिशेला करण्यासाठी रुळाचा एक तुकडा मोठ्या फिरत्या चबुतऱ्यावर बसविलेला असतो आणि चार माणसांनी ढकलला की तो जत्रेतल्या चक्रासारखा फिरू लागतो. ब्लेअरच्या टर्नटेबलाला कुंपण नव्हते, पहारा नव्हता, आणि ते जागी धरून ठेवणारी लोखंडी कडी तुटलेली होती. मार्च महिन्याच्या २९ तारखेस सहा वर्षांचा एक मुलगा दोन मोठ्या मुलांबरोबर तेथे गेला. मोठ्यांनी चबुतरा फिरविण्यास आरंभ केला, धाकटा त्यावर चढू पाहत होता, आणि फिरत्या रुळाचे टोक व मुख्य रुळाचे टोक यांच्या चिमट्यात त्याचे पाऊल सापडून चिरडले.

कंपनीचा बचाव तोच, अण्णांचा: जमीन आमची, यंत्र आमचे, पोराला बोलाविले कोणी? पण साक्षीत असे निघाले की कंपनीच्याच एका नोकराने पूर्वी मुलांना तेथे खेळताना पाहिले होते आणि हाकलले होते. म्हणजे मुले तेथे येतात ही गोष्ट कंपनीस ठाऊक नव्हती असे म्हणता येईना. ज्यूरीने ७,५०० डॉलर भरपाई ठरविली आणि १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दोन वर्षांनी मिनेसोटा राज्यातील न्यायालयाने तशाच एका टर्नटेबलाच्या दाव्यात या तत्त्वाला दृष्टांत शोधला तो कुत्र्यांचा. १८०८ च्या एका इंग्रजी निवाड्यात, शेजाऱ्याच्या कुत्र्यांना भुलविण्यासाठी उग्र वासाचे मांस लावून सापळे मांडणारा जमीनदार दोषी ठरला होता. मांसाच्या वासाने कुत्रे ओढले जावे तसे फिरत्या यंत्राने मूल ओढले जाते, आणि कुत्र्याला जे संरक्षण आहे ते मुलाला नाही असे कोणता कायदा म्हणेल, असा तो युक्तिवाद. मुलाच्या बाबतीत आमिष हेच आमंत्रण ठरले.

हा दृष्टांत जितका मोहक तितकाच अडचणीचा निघाला. आमिष दिसले पाहिजे. न दिसणाऱ्या आमिषाचे काय? कॅन्सस राज्यातील आयोला गावाच्या वेशीबाहेर एका जस्त आणि रसायनांच्या कंपनीची सुमारे २० एकर जमीन होती. तेथे पूर्वी गंधकाम्लाचा कारखाना होता. कंपनीने १९१० साली इमारत पाडली, पण तळघराचा खड्डा बुजविला नाही. त्यात पावसाचे पाणी साचले, आणि मातीत मुरलेले गंधकाम्ल व जस्ताचे क्षार त्यात उतरले. पाणी दिसावयास नितळ. १९१६ च्या जुलैत प्रवासास निघालेल्या एका कुटुंबाने जवळपास मुक्काम केला. आठ आणि अकरा वर्षांची त्यांची दोन मुले उन्हाची त्या पाण्यात उतरली आणि दोन्ही गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांत आईबाप जिंकले. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. न्यायमूर्ती होम्स यांच्या निवाड्याचा आशय असा, की मुले रस्त्यावरून जात होती तेथून ते तळे दिसत होते असे सिद्ध झालेले नाही. जे दिसलेच नाही त्याने त्यांना जमिनीत ओढून आणले असे म्हणता येत नाही. आणि एकदा ती विनापरवाना शिरली म्हटल्यावर कंपनीवर कर्तव्य उरले नाही. नऊपैकी तीन न्यायाधीशांनी, त्यांत सरन्यायाधीश टॅफ्ट हेही होते, भिन्न मत नोंदविले. तर्काच्या दृष्टीने होम्स यांचा निवाडा निर्दोष आहे. परंतु तो वाचताना वारंवार असे वाटते की या विद्वान गृहस्थांनी जुलैच्या उन्हात चालणारी मुले कधी पाहिली नसावीत. बारा वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकन विधिज्ञांच्या संस्थेने दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचे जे सुव्यवस्थित पुनर्लेखन प्रसिद्ध केले, त्यात आमिषाची अट गळून पडली आणि तिच्या जागी साधा प्रश्न आला: मुले येथे येतील हे मालकाला कळावयास हवे होते काय, आणि धोका दूर करण्याचा खर्च धोक्याच्या मानाने किरकोळ होता काय?

आता विम्याकडे येतो. चुकीचा विमा उतरण्याचा धंदा उभा राहिला तो १८८० साली, कामगारांच्या अपघाताची जबाबदारी कारखानदारावर टाकणारा कायदा इंग्लंडात झाला तेव्हा. त्याच वर्षी लंडनमध्ये या एकाच जोखमीसाठी एक कंपनी स्थापन झाली आणि सहाच वर्षांत तिने अटलांटिक ओलांडला. त्या वेळी धर्मभीरू लोकांनी केलेला आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता: मनुष्याला आपल्या बेपर्वाईची किंमत दुसऱ्याकडून भरून घेता आली, तर तो सावध कशाला राहील? त्याला उत्तर असे देण्यात आले की विमा मालकासाठी दिसला तरी पैसा अखेर जखमी माणसाच्या हाती पडतो, आणि दिवाळखोर मालकाविरुद्ध मिळालेला हुकूमनामा घेऊन त्या माणसाने काय करावे? हाच विचार पुढे मोटारींना लागू झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने जो 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा केला आणि जो आज स्कूटर घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे, तो या झाडाचाच एक फाटा. कारखान्यानंतर उद्वाहने, नाटकगृहे, दुकाने आणि भाड्याच्या चाळी यांच्या मालकांसाठी विमापत्रे निघाली. आणि सगळ्यांच्या शेवटी, जिच्यावर काहीच नाही अशी जमीन.

काहीच नाही हीच या विमापत्राची पहिली अट, आणि तिचे वाद मोठे गमतीचे आहेत. अमेरिकेत १९५० पासून घरमालकांसाठी जे एकत्र विमापत्र प्रचारात आले, त्याच्या ठरीव मसुद्यात विमेदाराच्या मालकीची 'शेतजमीन सोडून इतर रिकामी जमीन' घराबरोबरच सामावली गेली आहे. या 'रिकामी' शब्दावर वकिलांनी पुष्कळ शाई खर्च केली. जुनी पडकी झोपडी उभी असेल तर जमीन रिकामी काय? गवत कापून विकले तर ती शेतजमीन होते काय? आपल्या महसुली दप्तरात जिरायत, बागायत, वरकस, पोटखराबा अशा प्रतवाऱ्या ठरवून ठेवणाऱ्या पूर्वसूरींनी हे वाद ऐकले असते, तर त्यांना एखादा तलाठी पाठवून पंचनामा करावा, असेच सुचले असते. माझ्या आतेभावाच्या रानात तिघांचा हिस्सा असल्याने त्यांनी स्वतंत्र विमापत्र घेतले आहे. हप्ता अल्प आहे, कारण रिकाम्या रानात दावे क्वचितच होतात. पण त्या पत्रातले खरे मोलाचे कलम भरपाईचे नसून दुसरेच आहे. दावा खोटा असला तरी तो लढविण्यासाठी वकील देणे हे कंपनीचे कर्तव्य, असे ते कलम म्हणते, आणि वकिलाची फी हीच जेथे दाव्याहून जड, तेथे निर्दोष मनुष्यालाही विम्याची गरज का भासते हे त्यावरून उमगते.

दावे वाढले तशी जमीनदारांनी फाटकांना कुलुपे घातली, आणि शिकारी, मासे धरणारे व रानावनात हिंडणारे लोक बाहेर राहिले. त्यावर तोड म्हणून १९५३ साली मिशिगन राज्याने कायदा केला, की जो मालक मोबदला न घेता लोकांना करमणुकीसाठी आपल्या रानात येऊ देतो, त्याच्यावर साध्या हयगयीबद्दल दावा चालणार नाही. १९६५ मध्ये सर्व राज्यांसाठी नमुन्याचा मसुदा निघाला आणि बहुतेकांनी तो या ना त्या रूपात स्वीकारला. येथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. जो फुकट येऊ देतो तो निर्धास्त. ज्याने शिकारीच्या हंगामापुरते चार डॉलर घेतले, त्याचे कवच त्याच क्षणी गळाले आणि त्याला विमा कंपनीच्या दाराशी जाणे भाग पडले. औदार्याला कायद्याने इतका रोकडा मोबदला दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

इंग्लंडने मात्र फार वेळ लावला. १९२९ साली तेथील सर्वोच्च पीठाने, कोळशाच्या खाणीच्या यंत्रात सापडून मेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या बापाला रिकाम्या हाताने परत पाठविले होते. त्रेचाळीस वर्षांनी, १९७२ मध्ये, मोडक्या कुंपणातून विजेच्या रुळावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या दाव्यात तेच पीठ सामान्य माणुसकीच्या कर्तव्याची भाषा बोलू लागले, आणि १९८४ च्या कायद्याने विनापरवाना आलेल्याविषयीचे कर्तव्य लेखी झाले.

आपल्याकडे हे इंग्रजी तत्त्वज्ञान न्यायालयांतून आले खरे, पण त्याच्यामागून हा विमा आला नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा भोपाळच्या १९८४ च्या भयंकर रात्रीनंतर झाला आणि तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. ओसाड भूखंडाच्या मालकाचा त्याच्याशी संबंध नाही. हा विमा न रुजण्याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे, की आपल्या देशात खड्ड्यात कोणी पडला की प्रकरण दिवाणीत न जाता चावडीवरून फौजदाराकडे जाते. दिवाणी दाव्याला रकमेच्या मानाने कोर्ट फी लागते आणि निकालापर्यंत फिर्यादीचे केस पिकतात. उलट हयगयीने मृत्यू घडविल्याचा गुन्हा दाखल व्हायला एक रात्र पुरते, आणि तुरुंगवासाचा हप्ता कोणतीही कंपनी घेत नाही. रस्त्यालगतची विहीर किंवा खड्डा कुंपणाने बंद करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार फौजदारी संहितेच्या १३३ व्या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिलेला होता, तो नव्या संहितेत १५२ व्या कलमात गेला आहे. उघड्या टाकलेल्या कूपनलिकांत मुले पडू लागली तेव्हा ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काटेरी तारेचे कुंपण, नळीच्या तोंडाला झाकण, भोवती सिमेंटचा ओटा आणि निकामी भोक तळापासून वरपर्यंत बुजविणे, असा तपशीलवार आदेश दिला. ज्याची कूपनलिका कोरडी निघाली, त्या शेतकऱ्याने बोअरवाल्याचे पैसे कर्ज काढून भागविलेले असतात. भोक बुजविण्यासाठी त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न त्या आदेशाच्या बाहेरचा आहे.

आमच्या आळीच्या टोकाला असाच एक भूखंड आहे. तीन पिढ्यांच्या वाटणीत अडकलेला, चारही कोपऱ्यांना हद्दीचे दगड, आणि मध्ये कठडा ढासळलेली एक जुनी विहीर, जिच्या तोंडाशी घाणेरी इतकी माजली आहे की पाऊल पडेपर्यंत पाणी दिसू नये. संध्याकाळी मुले तेथे क्रिकेट खेळतात. पावसाळ्यापूर्वी कोणीतरी अर्ज केला, तेव्हा कुंपण घालण्याविषयीची नोटीस मालकाच्या ठिकाणाचा पत्ता न लागल्याने तेथल्याच विजेच्या खांबाला डकविण्यात आली आणि तिचा खालचा अर्धा भाग शेळ्यांनी खाल्ला. आतेभाऊ परत गेल्यावर एका सकाळी मी पाहिले तो अण्णा, धोतराचा काष्टा मारून, एका हाताने काठी टेकीत आणि दुसऱ्या हाताने बाभळीचा भला मोठा काटेरी फाटा ओढीत त्या विहिरीकडे चालले होते. मी धावत जाऊन दुसरे टोक धरले, आणि आम्ही दोघांनी मिळून तो विहिरीच्या तोंडावर आडवा टाकला. "सातबाऱ्यावर सोळा नावं आहेत," अण्णा हातातला काटा काढीत म्हणाले, "नोटीस कुणाला लावणार?"

चौथ्या दिवशी फाटा तेथे नव्हता; कोणीतरी सरपणाला नेला होता.